धुरपताला न विचारता

पळसटोल्याच्या मंडईच्या जत्रेत मुखरू दंडारीच्या नाटकाला मांडवात उतरला की पुढे बसलेल्या बाया लेकरांचे डोळे झाकत. तोंडाला मुरदाडशिंगाचा रंग चोपडलेला, काजळाच्या भुवया कानापर्यंत ओढलेल्या आणि आवाज असा की गॅसबत्तीची काच थरथरावी. त्यानं किती सुना छळल्या, किती धाकट्या भावांना घराबाहेर काढलं, किती राजकन्या पळवून नेल्या, ते त्यालाही आठवत नसे. आरमोरीच्या बाजारात एकदा एका म्हातारीनं त्याला ओळखलं आणि भर बाजारात त्याच्या पाठीत छत्रीची मूठ हाणली.

"मुडद्या, त्या गरिबाच्या लेकराले इख पाजतेस काय रे!"

मुखरू वाकून तिच्या पाया पडला. तो मार पुढे वर्षभर त्यानं गावोगाव छाती फुगवून सांगितला. दंडारीतल्या खलनायकाला याहून मोठं बक्षीस कोण देणार? धान घरात यायच्या सुमारास, दिवाळीच्या मागेपुढे गावात मंडई भरायची, बैलबंड्यांनी मैदान भरून जायचं आणि त्या एका रात्रीसाठी वर्षभर चिखलात राबणारी माणसं राजे व्हायची. मुखरू मात्र राजा कधी झाला नाही. राजाला छळणारा झाला. त्यातच त्याला गोडी होती.

झिंगू त्याचा धाकटा भाऊ. मुखरू जितका आडदांड, तितका हा सडपातळ. दंडारीत बायांची कामं पुरुषच करत, आणि झिंगूची नायिका पाहायला वडसा-ब्रह्मपुरीकडचे लोक बंड्या जुंपून येत. लुगडं तो धुरपताचं नेसायचा. धुरपता मुखरूची बायको. तिच्याजवळचं एकुलतं एक चांगलं लुगडं पेटीतून निघायचं ते झिंगूसाठीच. ती स्वतः त्याला निऱ्या घालून द्यायची आणि म्हणायची, "भाऊजी, मी नेसतो तवा कुत्रंबी पाहत नाई. तुमी नेसलं का सारं गाव येडं होते."

"वैनी, तू लाजत नाईस. नेसलं का लाजावं लागते," झिंगू म्हणायचा आणि पदर असा सावरायचा की धुरपता हसून हसून खाली बसायची.

झिंगूची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती. त्यानं दुसरी केली नाही. मोठा भाऊ, वहिनी, बांधावरचं शेत आणि वर्षातून एकदा अंगावर चढणारं लुगडं, एवढ्यात त्याचं भागत होतं.

मग एका मंडईत भर प्रवेशात झिंगूच्या हातून आरतीचं ताट पडलं. लोकांना वाटलं, नायिका घाबरली म्हणून पडलं, टाळ्या पडल्या. पण तो घाबरला नव्हता. बोटांनी ताट सोडलं होतं. पुढच्या पेरणीला त्याच्या हाताच्या अंगठ्याजवळचं मांस बसत गेलं, जसं उंदरानं आतून कणगी पोखरावी. त्यानंतर पाय अडखळू लागले. मग जीभ जड झाली. दारू पितो म्हणून लोक कुजबुजले. भगतानं कोंबडं कापलं, वैद्यानं तेलं चोळली. शेवटी मुखरूनं त्याला आगगाडीनं नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं झिंगूच्या गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि मुखरूला बाजूला घेऊन सांगितलं, "याच्या नसा मरत चालल्यात. हात, पाय, जीभ, घसा, सगळं जाईल. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. जे बोलाल ते त्याला सगळं कळेल, एवढं ध्यानात ठेवा."

मुखरूनं ते ध्यानात ठेवलं. निदान त्याला तसं वाटत होतं.

झिंगू बाजेला लागला, तो धुरपताच्या हवाली झाला. मुखरू शेत पाहायचा, बाजार करायचा, दारात येऊन "कसा हायस रे?" विचारून जायचा. बाकी सगळं धुरपताकडे. उताणा ठेवला की झिंगूचा श्वास अडतो, हे तिला कळलं. पाणी पाजलं की ठसका लागतो, पण घट्ट पेज हनुवटी खाली दाबून भरवली की उतरते, हेही तिला कळलं. त्याची जीभ पुरती गेली तेव्हा तिनंच त्याच्याशी ठरवून घेतलं: होय असेल तर डोळे मिटायचे, नाही असेल तर आढ्याकडे पाहायचं. त्याच्या अंगाखालचं धडुतं ती धुवायची, कुशी बदलायची, आणि मधूनच त्याला कारण नसताना रडू फुटायचं तेव्हा पदरानं तोंड पुसून म्हणायची, "रडा, रडा. नायिकेचं काम करून राह्यले तुमी."

तो रोगच तसा. रडू आपोआप यायचं, हसूही. घरातल्यांना आता त्याची सवय झाली होती.

पण पेजेवर माणूस किती दिवस तग धरणार? झिंगूच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. घरची म्हैस आटली होती. त्याच सुमारास राज्य बदललं, चांदा जिल्हा मुंबई सरकारकडे गेला आणि पळसटोल्याला सरकारी दवाखाना आला. कौलारू खोली, पुढे ओटा, ओट्यासमोर चिंच. कंपाउंडर म्हणून आरमोरीचा सादिकभाई आला. दर सोमवारी तो दुधाची भुकटी वाटायचा. मुखरू भांडं घेऊन रांगेत उभा राहिला.

"मुखरूभाऊ, ये भुकटी पोरांसाठी हाय, बाळंतिणीसाठी हाय," सादिक ओशाळून म्हणाला. "अन् ज्याले दुनियेत कोनी नाई, अशा लाचार मानसासाठी हाय. त्याले भुकटीबी भेटते, नर्सबाईबी घरी येऊन पाहून जाते. पन झिंगूभाऊले तुमी हाव ना. घरचं पाह्यनारं मानूस हाय म्हटलं का सरकारचा हात आखडते."

"म्हंजे आमी त्याले पाहतो, हाच त्याचा गुन्हा?"

"मी काय सांगू भाऊ? अगले सोमवारी चांद्याहून साहेब येऊन राह्यले. त्यांनाच इचारा."

दुसरा कोणी असता तर त्यानं साहेबाला खरं सांगून विनवणी केली असती. मुखरू दंडारीचा माणूस. त्याचा सगळा जन्म एकाच विश्वासावर गेला होता: खरं नुसतं सांगितलं तर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, ते उभं करून दाखवावं लागतं. त्यानं दंडारीच्या मंडळींना गोळा केलं आणि बेत सांगितला. साहेबासमोर आपण म्हणायचं की आमचं वेगळं झालं, आम्ही झिंगूला पाहत नाही. झिंगूची बाज घरातून काढून चिंचेखाली ठेवायची. गावानं फक्त माना हलवायच्या.

मंडळी खूश झाली. मंडई अजून लांब होती आणि अंगात खाज होती. बाज कुठे ठेवली तर साहेबाला ओट्यावरून नीट दिसेल, यावर खूप वाद झाला. झिंगूच्या अंगावर कोणतं फाटकं घोंगडं घालायचं, यावरही झाला. धुरपताला मुखरूनं सोमवारी सकाळी सांगितलं, तेही बाज उचलता उचलता.

"तू नुसती बाजूला उभी राह्य. तोंड उघडू नको."

"अन् भाऊजीले कोनी सांगितलं का?" तिनं विचारलं.

"त्याले काय सांगाचं? त्याच्याच भल्यासाठी हाय."

साहेब जीपमधून आले. तरुण होते, खादीचा कोट, चेहऱ्यावर नव्या नोकरीची तळमळ. त्यांनी आधी बाजेकडे पाहिलं, मग त्यावरच्या माणसाकडे, आणि त्यांचा चेहरा दुखल्यासारखा झाला.

"याचं कोणी नाही?"

"मी हाव, पन नसल्यासारखा," मुखरू ओट्याच्या पायरीवर चढून म्हणाला. "सख्खा भाऊ हाव. आमचं वेगळं झालं. मी याले पाहत नाई."

इथंच प्रवेश संपायचा होता. एवढंच ठरलं होतं. पण समोर सगळं गाव बसलं होतं, साहेब तोंडाकडे टक लावून पाहत होते, चिंचेखाली कोणी खोकतही नव्हतं. इतकी शांतता दिसली की नटाच्या पायाखालची जमीन जरा वर उचलली जाते. मुखरूच्या नाकपुड्या फुगल्या. आवाज पोटातून आला.

"काऊन पाहू? सांगा ना सायेब, काऊन पाहू? हा जिता मुर्दा हाय! कमावत नाई, बोलत नाई, मरतबी नाई! मेला असता तर तेरवी करून मोकळा झालो असतो. रोज सकाळी दारात येतो अन् पाहतो, गेला का म्हनून. गेला नसते! माझी बायको म्हनते, याच्या तोंडात घास घालन्यापरीस कुत्र्याले घातला तर राखन तरी करन!"

गाव श्वास धरून ऐकत होतं. मागच्या बाजूनं कोणी तरी हळूच "वा!" म्हणालं.

शेवटचं वाक्य मुखरूला जुन्या एका दंडारीतून आठवलं होतं. दुष्ट जावेच्या तोंडचं होतं, म्हणून त्यानं ते बायकोवर ढकललं. पण त्याआधीचं? "गेला का म्हणून पाहतो," हे कोणत्या दंडारीत होतं? कोणत्याच नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याचं त्यालाच कळलं की हे आपण पाठ केलेलं नाही. हे आतच होतं. रोज सकाळी दारात उभं राहून "कसा हायस रे?" विचारायच्या आधी तो एक क्षण थांबायचा, झिंगूची छाती हलते का पाहायचा. हलताना दिसली की त्याला जे वाटायचं, त्याला त्यानं आजवर नाव दिलं नव्हतं. आता अख्ख्या गावासमोर, पोटातल्या आवाजात, दिलं.

बाजेवर झिंगू रडू लागला. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न फुटता. रोगाचं रडू की खरं, कोणालाच सांगता आलं नसतं. साहेबांना तर रोगाचं ठाऊकच नव्हतं. ते ताडकन उठले आणि मुखरूला सोडून धुरपतासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई आहेस ना तू? आईच्या पोटी जन्म घेतलास ना? पुरुष एक वेळ दगड होईल. पण बाईच्या जातीनं आजाऱ्याच्या तोंडचा घास कुत्र्याला घालायची भाषा करावी? या लोकांत उभं राहायला लाज वाटत नाही तुला?"

धुरपताच्या हातांना त्या वेळीसुद्धा पेजेचा वास होता. सकाळी झिंगूला पुसून, भरवून, कूस बदलून ती आली होती. तिनं मुखरूकडे पाहिलं. तोंड उघडू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती वाट पाहत होती की आता हा काही बोलेल. मुखरू बोलला नाही. बोललं तर सोंग उघडं पडेल, भुकटी जाईल, सरकारला फसवलं म्हणून बेड्या पडतील. गावही बोललं नाही. तिला रोज धडुती धुताना पाहणारी माणसं, म्हैस दुभती असताना तिच्याकडून ताक नेणाऱ्या बाया, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे माना हलवल्या.

धुरपतानं पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

आणि मग बेतात नसलेली गोष्ट घडली. मुखरूचं काम फार चांगलं झालं होतं. साहेब म्हणाले, "अशा लोकांत हा एक दिवस राहता कामा नये. चांद्याला अनाथ रुग्णांचा वॉर्ड आहे, तिथं मी याला ठेवतो. यापुढे याचे मायबाप सरकार. उचला याला."

ड्रायव्हर आणि शिपायानं झिंगूला घोंगड्यासकट उचललं. मुखरूचे ओठ हलले. "सायेब, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. एवढी मोठमोठी भाषणं पाठ असलेल्या माणसाला ते जमलं नाही. बेड्यांची भीती होतीच. पण भीतीच्या मागे आणखी काही तरी उभं होतं आणि ते म्हणत होतं, जाऊ दे, सुटशील. ते त्यानं ऐकलं. ऐकून गप्प राहिला.

बोलली ती धुरपता. ती जीपजवळ गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, त्याईले डाव्या कुशीवर ठेवजा. उताणं ठेवलं का जीव घुसमटते."

साहेबांनी तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. तोवर जीप सुरू झाली होती.

संध्याकाळी तिनं सवयीनं दोन भांडी चुलीवर ठेवली. एकात भात, एकात पेज. पेज घट्ट झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती खाणारा घरात नाही. भांडं तसंच उतरवून ठेवलं.

"तुमी राक्षसाचं काम करता, मी कधी काई म्हनलं नाई," ती मुखरूकडे न पाहता म्हणाली. "लोकायचे जोडे खाता, मी हासतो. पन मले काऊन राक्षसीन केलं? मले कोनी इचारलं होतं का, काम करतेस का म्हनून?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मुखरू वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला गेला, गाडीत बसला, नागभीडला चांद्याची गाडी धरली. वाटेत त्यानं साहेबाला काय सांगायचं ते दहा वेळा घोकलं.

दवाखान्यात साहेब नव्हते, दौऱ्यावर होते. वॉर्डात मात्र झिंगू होता, कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेवर, उताणा. ओठ निळे पडत होते. मुखरूनं धावत जाऊन त्याला कुशीवर वळवलं. श्वास मोकळा झाला तसे झिंगूनं डोळे उघडले, भावाला पाहिलं आणि नजर आढ्याकडे लावली. नाही. नको.

"तुम्ही याचे कोण?" नर्सबाईनं विचारलं. "इथं ज्याचं कोणी नाही तेच राहतात. नातेवाईक असेल तर साहेबांच्या हुकुमाशिवाय मी याला ठेवूही शकत नाही, सोडूही शकत नाही."

मुखरूनं घोकलेलं सगळं गिळलं. आता भाऊ म्हणावं तर खाट जाईल, साहेब येईपर्यंत याला ओसरीत ठेवावं लागेल.

"गावचा मानूस हाव," तो म्हणाला. "वळखीचा."

"मग राहा. आमच्याकडे माणसं कमीच आहेत."

असा मुखरू आपल्या सख्ख्या भावाच्या खाटेशी परका म्हणून राहिला. पहिल्याच जेवणाला त्यानं पातळ दूध पाजलं आणि झिंगू ठसक्यानं काळानिळा झाला. नर्सबाई ओरडली. नंतर त्यानं दुधात भात कुस्करून घट्ट केला, धुरपताचा हात कसा असायचा ते आठवू लागला, आणि ध्यानात आलं की आपण ते कधी नीट पाहिलंच नाही. इतकी वर्षं घरात घडत होतं आणि आपण दारातून परत जात होतो. हनुवटी खाली की वर? चमचा मधून की बाजूनं? तो झिंगूलाच विचारत गेला. "असा? का असा?" झिंगू कधी डोळे मिटायचा, कधी आढ्याकडे पाहायचा, कधी उत्तरच द्यायचा नाही. उत्तर न देणं त्याच्या हातात उरलेली एकमेव गोष्ट होती, आणि मुखरू ती मुकाट्यानं सोसायचा. धडुतं धुताना त्याला ओकारी यायची. दिवस गेले तशी यायची थांबली.

शेजारच्या खाटेवर बापूजी नावाचा कंबर मोडलेला म्हातारा होता. त्याला करमणूक नव्हती, म्हणून त्यानं मुखरूचं कौतुक करण्याचा सपाटा लावला.

"काय मानूस हायेस गा तू! याच्या सख्ख्या भावानं म्हने याले झाडाखाली टाकून देलं. अन् तू ना नात्याचा ना गोत्याचा. सख्खा भाऊबी कराचा नाई एवढं."

"राहू द्या बापूजी."

"काऊन राहू देऊ? असा भाऊ माझ्यासमोर आला तर कंबर मोडली असली तरी त्याचं नरडं धरीन. कसा हाय रे तो? तू तर गावचा. पाहण्यात असन."

"हाय."

"दिसाले कसा हाय?"

"मानसासारखाच दिसते," मुखरू म्हणाला आणि भांडं घासायला बाहेर गेला.

त्यानं जन्मभर शिव्या खाल्ल्या होत्या. दंडारीतल्या शिव्या गोड होत्या, कारण मागे जाऊन तोंड धुता यायचं. इथं धुवायला काही नव्हतं. रंगच लावला नव्हता. कौतुक तर शिव्यांहून वाईट. वॉर्डातली माणसं आपल्या भेटीला येणाऱ्यांना त्याला दाखवायची, बाया त्याच्या हातावर केळं ठेवून नमस्कार करायच्या. एकदा नर्सबाई म्हणाली, "तुमच्यासारखा भाऊ याला असायला हवा होता." मुखरू खाटेच्या पायाशी बसला होता. त्यानं झिंगूकडे पाहिलं नाही. झिंगू त्याच्याकडे पाहतो आहे, एवढं मात्र त्याला न पाहताही कळत होतं.

साहेब दौऱ्यावरून परतले आणि वॉर्डात आले. मुखरू झिंगूला भरवत होता. साहेब पाठमोऱ्या माणसाकडे पाहून नर्सबाईला कौतुकानं काही विचारत होते, तेवढ्यात मुखरूनं मान वळवली.

"तू?"

मुखरू उभा राहिला. हातात दूधभाताचं भांडं. बापूजी कोपरावर रेलून पाहू लागला.

"सायेब, मी याचा भाऊ हाव. त्या दिवशी बोललो ते सोंग होतं. भुकटीसाठी केलं. पाह्यनारं मानूस असलं का सरकार काई देत नाई म्हनून. माझी बायको त्याले पोटच्या पोरासारखं सांभाळते. ते कुत्र्याचं वाक्य तिचं नोहे. ते दंडारीतलं हाय."

"सोंग होतं?" साहेबांचा चेहरा लाल झाला. "आणि आत्ता करतोस ते सोंग नाही, हे मी कशावरून ओळखू?"

चांगल्या नटाची हीच फजिती. मुखरू खाली पाहून म्हणाला, "त्याले इचारा. त्याले सारं समजते. हो असलं तर डोये मिटते."

साहेब खाटेवर वाकले. "हा तुझा भाऊ आहे?"

झिंगूनं डोळे मिटले नाहीत. तो मुखरूकडे पाहत राहिला. वॉर्डात कोणी तरी खोकलं, बाहेर हातपंपाचा दांडा करकरला. झिंगू पाहतच होता. एवढ्या मंडया गाजवलेल्या मुखरूला कोणा प्रेक्षकाची नजर इतकी लांब वाटली नव्हती. आढ्याकडे पाहिलं असतं तरी त्याला तक्रार करायला जागा नव्हती, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

मग झिंगूनं डोळे मिटले.

"घरी जायचंय?"

डोळे पुन्हा मिटले, आणि या वेळी लवकर उघडले नाहीत.

"हाच का तो?" बापूजी एवढंच म्हणाला. नरडं धरायला तो उठला नाही. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मुखरूला ते नरडं धरण्यापेक्षा जास्त लागलं.

साहेबांनी झिंगूचं पांघरूण नीट केलं. नंतर म्हणाले, "त्या बाईला मी काय काय बोललो, आठवतंय तुला? तू शेजारी उभा होतास." मुखरूनं मान हलवली. "मग घरी नेण्याआधी एक गोष्ट करशील. जिथं उभं राहून ते बोललास तिथंच उभा राहा, त्याच लोकांसमोर, आणि खरं सांग. मीही येतो. मलाही तिथं काम आहे."

सोमवारी जीप चिंचेखाली येऊन थांबली. भुकटीची रांग लागली होती. झिंगू आला म्हणताच सगळं गाव जमलं. मुखरू ओट्याच्या पायरीवर चढला. तीच पायरी, तेच लोक. त्यानं श्वास घेतला आणि आवाज आपोआप पोटातून निघाला. "ऐका गावकरी हो!"

"वा, मुखरूभाऊ!" मागून कोणी तरी ओरडलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाया सरकून पुढे येऊन बसल्या. दुसरा अंक आहे, असं त्यांना वाटलं.

मुखरूनं साधा, घरातला आवाज शोधायला सुरुवात केली आणि तो सापडेना. "त्या दिवशी... मी जे... धुरपता तशी नाई. तुमाले माईत हाय. तुमी सारे..." वाक्य पुढे जाईना. टाळ्या वाजवणारे हात हळूहळू मांडीवर आले. कोणी तरी खाली पाहिलं, मग आणखी कोणी. रुखमाबाई, जिनं सगळ्यांत जोरात मान हलवली होती, पुटपुटली, "आमाले वाटलं, नाटकच हाय ना."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. धुरपता आली होती. तिनं पायरीकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही. ती सरळ जीपच्या मागच्या बाजूला गेली.

"इथी त्याईची मान लोंबकळून राह्यली," ती म्हणाली, "अन् तुमी भाषन देता?"

तिनं झिंगूची मान आपल्या हातावर घेतली. "हाडकं झाले नुसते, भाऊजी. काय खाऊ घालत होते तुमाले?" झिंगूनं तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

साहेब तिच्यासमोर आले. लोक पाहत होते. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "बाई, माझं चुकलं. मी न विचारता बोललो."

"मले कोनीच इचारलं नाई, सायेब," धुरपता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमी तर बाहेरचे." आणि मग गावाकडे वळून, "बसून काय राह्यले? बाज आना. चार जन या."

चौघांच्या जागी दहा जण उठले. साहेब सादिकला म्हणाले, "भुकटी यांच्या घरी जाईल. नर्सबाई पण जाईल. पाहणारं माणूस आहे, म्हणूनच जाईल. नियमाचं मी पाहतो." सादिकनं लगेच डबा काढला. धुरपतानं तो घेतला. रागात दूध नाकारावं असं तिला वाटलं नाही; भूक झिंगूची होती.

बाज उचलली गेली. मुखरू पायरीवरून उतरला आणि पायथ्याकडचा कोपरा धरायला पुढे झाला. तो कोपरा कोणी तरी धरला होता. दुसऱ्या बाजूला गेला, तोही धरलेला. धुरपता डोक्याशी हात देऊन चालत होती. मुखरू रिकाम्या हातांनी मागून चालत घरी आला.

झिंगू त्यानंतरचं धान घरात येईपर्यंत जगला. सकाळची पेज धुरपता भरवायची, संध्याकाळची मुखरू. धडुती तो धुवायचा, तळ्यावर, बायांच्या देखत. गावच्या दवाखान्याची नर्सबाई यायची, झिंगूची छाती तपासायची आणि मुखरू कसा भरवतो ते पाहून म्हणायची की आता बरोबर जमतंय. पुढे कित्येक वर्षांनी लोक ओट्यावर बसले की मुखरूनं भावाची कशी सेवा केली ते नव्या माणसांना सांगत. मुखरू तिथं असला तर उठून जायचा.

पायरीवरचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ते पुरं करायला तो दोनदा धुरपतासमोर बसला. दोन्ही वेळा ती धान पाखडत होती. दोन्ही वेळा तिनं सूप न थांबवता म्हटलं, "राहू द्या." म्हणजे माफ केलं, की ते वाक्य ऐकायचंच नाही, हे त्याला कळलं नाही. आणि ते तिला विचारायचं धाडस त्याला मरेपर्यंत झालं नाही.